सतरा इनपुट, अकरा आउटपुट

मामांनी मिक्सरच्या झडपेतून मूठभर वाळू काढली, दाबली आणि मूठ उघडून माझ्यासमोर धरली. काळ्याभोर गोळ्यावर त्यांच्या चार बोटांच्या खुणा उमटल्या होत्या. मग अंगठ्याने तो गोळा मधोमध मोडला. कड सरळ तुटली, भुगा पडला नाही.

"बघा ताई, अशी तुटाय पायजे. भुगा झाला तर पाणी कमी. हाताला चिकटली तर ज्यादा."

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातली एक मध्यम आकाराची फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना. वाळू, बेंटोनाइटची माती, कोल डस्ट (कोळशाची पूड) आणि पाणी एकत्र मळून साच्यांची वाळू तयार करणारा मिक्सर, बॅच ५०० किलोची. त्याचं जुनं पॅनेल रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच), कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचे तसेच मोठे स्विच) आणि चार टायमरवर चालायचं. वायरी उन्हाने कडक झालेल्या, त्यांच्या टोकांवरच्या फेरूलांचे (नळ्यांचे) नंबर पुसलेले. मालकांचा फोन आला तेव्हा पहिलाच प्रश्न होता, "पीएलसी कुठल्या कंपनीचा घालू या?" पीएलसी म्हणजे यंत्राने कधी काय करायचं हे प्रोग्रामवरून ठरवणारा कारखान्यातला छोटा संगणक, आणि तो घालून पॅनेल बनवणं हे माझं काम. हा प्रश्न मला प्रत्येक कामाला येतो आणि पहिल्या दिवशी मी त्याचं उत्तर देत नाही. कंपनी ठरवण्याआधी मला यंत्राशेजारी एक अख्खी पाळी उभं राहायचं असतं. तसं सांगितलं की काही मालकांना वाटतं, बाई वेळ काढतेय. या मालकांनी खुर्ची पाठवून दिली.

खुर्चीवर बसणं काही झालं नाही. मामा एकवीस वर्षं त्या मिक्सरवर. ते काय करतात हे पाहायचं तर त्यांच्या मागे मागे फिरावं लागतं. खालचा कन्व्हेयर रिकामा झाला की नाही हे ते आवाजावरून ओळखतात आणि मगच मिक्सरचं दार उघडतात. दार बंद झाल्यावर त्याला बुटाच्या टाचेने एक ठोका देतात, कारण कडेला वाळू अडकून दार बोटभर उघडं राहतं. सोमवारी सकाळी वाळू गार असते, तेव्हा पाणी कमी घालतात. दुपारपर्यंत ओतकामाची उष्णता घेऊन परत आलेली वाळू तापलेली असते, पाणी उडून जातं, तेव्हा जास्त. यातलं काहीही जुन्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. ड्रॉइंगमध्ये होते चार टायमर आणि त्यांचे सेकंद.

मी वहीत लिहीत गेले. दार खरोखर बंद झालं हे कळायला दार ढकलणाऱ्या सिलिंडरवरचा रीड स्विच पुरणार नाही, प्रत्यक्ष दाराच्या कडेला प्रॉक्सिमिटी, म्हणजे धातू जवळ आला की कळवणारा सेन्सर, लागेल. कन्व्हेयर चालू असल्याचा सिग्नल लागेल. परतीच्या वाळूचं तापमान लागेल. पाणी सेकंदांत मोजण्याऐवजी लिटरमध्ये मोजायला फ्लोमीटर लागेल. पाळी संपताना यादी झाली: सतरा इनपुट (पीएलसीला मिळणाऱ्या चालू-बंदच्या बातम्या), अकरा आउटपुट (त्याने यंत्राला द्यायचे हुकूम) आणि एक ॲनालॉग, म्हणजे तापमानासारखं कमी-जास्त होणारं माप. पीएलसीची निवड तिथेच अर्ध्याहून जास्त झाली होती, आणि अजून एकही कॅटलॉग उघडला नव्हता.

पाण्याचा हिशोब एकदा करून बघा म्हणजे मामांच्या मुठीची किंमत कळते. ५०० किलोच्या बॅचमध्ये एक टक्का ओलावा म्हणजे पाच लिटर. परतीच्या वाळूत १.८ टक्के असेल आणि ३.५ हवा असेल तर साडेआठ लिटर घालायचं, शिवाय तापलेल्या वाळूतून जे उडून जाणार ते वेगळं. अर्धा टक्का चुकला म्हणजे अडीच लिटर चुकलं. तेवढ्याने ओल्या साच्यात वाफ कोंडून कास्टिंगला ब्लोहोल (आत पोकळ भोकं) पडतात, नाहीतर कोरडा साचा कडेने ढासळतो. हा अडीच लिटरचा फरक एक माणूस एकवीस वर्षं तळहाताने पकडत होता.

आता आउटपुटबद्दल. इथे मला एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

काही वर्षांपूर्वी शिरोलीत असंच एक काम मी केलं होतं. पीएलसी घेतला तो अगदी मापात: जेवढे आउटपुट लागत होते तेवढेच, एकही जादा नाही. रिले आउटपुटचा होता, आणि रिलेला २३० व्होल्ट थेट चालतात म्हणून पाण्याच्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेने उघडणाऱ्या व्हॉल्व्हची, कॉइल मी सरळ त्याला जोडली. चार महिने सगळं नीट चाललं. मग एका रात्री दोन वाजता फोन: मिक्सरमध्ये चिखल झालाय, पाणी थांबत नाही. मी गाडी काढून गेले. पॅनेल उघडलं. पीएलसीवरचा त्या आउटपुटचा दिवा विझलेला होता. प्रोग्राम म्हणत होता, पाणी बंद. आणि माझ्या मागे पाइपातून पाण्याचा आवाज येत होता.

विझलेला दिवा आणि वाहतं पाणी. तो क्षण मी विसरलेले नाही. पीएलसीच्या आतला इवलासा संपर्क वितळून चिकटला होता. कारण साधं होतं, आणि ते मी आधी कागदावर मांडायला हवं होतं. तासाला वीस बॅच, सोळा तास, म्हणजे दिवसाला ३२० बॅच. दर बॅचला पाणी शेवटी शेवटी थेंबाथेंबाने सहा वेळा चालू-बंद व्हायचं. दिवसाला १,९२०. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५,७६,०००. असे छोटे रिले पूर्ण भाराखाली साधारण एक लाख वेळा उघडझाप करतात. त्यात कॉइल तोडताना दर वेळी ठिणगी उडते आणि ती शमवणारा सर्ज सप्रेसरही मी कॉइलवर लावला नव्हता. चार महिने टिकला हेच खूप. आतला रिले बोर्डाला डाग दिलेला, बदलता येत नाही. दुसऱ्या आउटपुटवर वायर हलवावी तर रिकामा आउटपुट एकही नव्हता. नवा पीएलसी येईपर्यंत दोन दिवस त्यांचा माणूस हाताने व्हॉल्व्ह फिरवत उभा राहिला. ती चूक सर्वस्वी माझी होती.

म्हणून गोकुळ शिरगावात मी ट्रान्झिस्टर आउटपुटचा पीएलसी घेतला. ट्रान्झिस्टरला झिजणारा संपर्क नसतो. तो २४ व्होल्ट डीसीच देतो आणि प्रत्येक आउटपुटला साधारण अर्धा अँपिअर, म्हणून मधे रिले कार्ड टाकलं. त्यावरचे रिले बेसमध्ये खोचलेले असतात, खराब झाला तर मामाही दोन मिनिटांत बदलू शकतात. पाण्याचे व्हॉल्व्ह दोन, मोठा आणि बारीक; सतत चालू-बंद होणाऱ्या बारीक व्हॉल्व्हला सॉलिड स्टेट रिले दिला, ज्यात हलता संपर्कच नसतो. प्रत्येक डीसी कॉइलवर डायोड, प्रत्येक कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर सप्रेसर. आणि प्रोग्राममध्ये एक ओळ जास्तीची: दोन्ही पाण्याचे व्हॉल्व्ह बंद असताना फ्लोमीटरचे पल्स येत असतील तर मेन लाइनचा वेगळा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि हूटर वाजवायचा. नुसत्या विझलेल्या दिव्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

या फ्लोमीटरनेच पीएलसीची एक अट ठरवली. तो लिटरला ४५० पल्स देतो. मिनिटाला ३० लिटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला २२५ पल्स. साध्या इनपुटला गोंगाट गाळण्यासाठी काही मिलिसेकंदांचा फिल्टर असतो. दहा मिलिसेकंदांचा असेल तर हे पल्स त्याला दिसतच नाहीत. म्हणून हाय स्पीड काउंटरचा इनपुट असलेलाच पीएलसी हवा. बऱ्याच छोट्या पीएलसींना तो असतो, पण ठरावीक एक-दोन इनपुटांवरच, आणि तो नंबर पाहून वायरिंग करायचं असतं. पॅनेल झाल्यावर हे लक्षात आलं तर सगळी फेरूलं बदलायची वेळ येते.

२४ इनपुट आणि १६ आउटपुटचा संच घेतला. सात इनपुट आणि पाच आउटपुट रिकामे राहिले. मालकांनी विचारलंच, "एवढे मोकळे कशाला?" मी त्यांना शिरोलीची रात्र सांगितली.

मालकांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, हुशार मुलगा. तो म्हणाला, "ताई, आर्डुइनोवर हे पाव किमतीत होईल." आर्डुइनो म्हणजे शिकाऊ मुलं प्रयोगाला वापरतात तो स्वस्त कंट्रोलर बोर्ड. होईलही, टेबलावर. मी त्याला पॅनेलपाशी नेलं. शेजारी तीस अश्वशक्तीची मोटर चालू होताना २४ व्होल्टच्या लाइनवर काय होतं ते दाखवलं. पीएलसीचे इनपुट आतल्या सर्किटपासून विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवलेले असतात, प्रोग्राम अडकला तर त्यावर नजर ठेवणारा वॉचडॉग आउटपुट बंद करतो, आणि रविवारी रात्री बिघडला तर तोच नंबर सांगून दुसरा आणता येतो. या शेवटच्या कारणाला मी सर्वांत जास्त वजन देते. २०२१-२२ मध्ये चिपची टंचाई आली तेव्हा जगभर पीएलसीच्या ऑर्डरींना महिनोन्‌महिने लागत होते, आणि ज्यांनी आपल्या कपाटात एक जादा संच ठेवला होता तेच निश्चिंत होते. त्यामुळे "कुठली कंपनी" याचं माझं उत्तर असं असतं: जिचा माल पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळपर्यंत कोल्हापुरात पोहोचतो, जिचं सॉफ्टवेअर मालकांनाही मिळतं, आणि जिचा प्रोग्राम वाचू शकणारी दोन तरी माणसं माझ्याशिवाय या जिल्ह्यात आहेत.

प्रोग्राम वाचणाऱ्या माणसाचा विचार पीएलसीच्या जन्मापासूनच आहे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेच्या भिंतीच्या भिंती नकोशा झाल्या होत्या. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उचकटावं लागायचं. त्याच वर्षी डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी जे यंत्र मांडलं त्यातून मॉडिकॉन ०८४ तयार झालं. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ते नाव. त्यांनी कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला संगणकाची भाषा शिकायला लावली नाही. त्याच्या रिलेच्या ड्रॉइंगसारखीच दिसणारी लॅडर ठेवली: दोन उभ्या रेषा, मधे पायऱ्या, पायरीवर संपर्क आणि शेवटी कॉइल. आज पीएलसीला इतरही प्रमाणित भाषा आहेत, आणि तरी फौंड्रीत मी लॅडरच वापरते. इथला आयटीआय झालेला मुलगा ती मल्टिमीटर हातात धरून वाचतो.

लॅडरमध्ये एक गंमत आहे, जिच्यापाशी प्रत्येक नवा मुलगा अडतो. स्टॉपचं बटण नेहमी एनसी (नॉर्मली क्लोज्ड) जोडायचं, म्हणजे न दाबता त्यातून करंट वाहत असतो. साहजिकच प्रोग्राममध्ये स्टॉपचा संपर्क उघडा दिसतो, आणि मुलाला वाटतं ताईंनी उलटं काढलं. मग मी वायर टर्मिनलमधून उपसते आणि मिक्सर थांबतो. उंदराने वायर कुरतडली, कोळशाच्या धुळीने संपर्क गेला, स्क्रू सैल झाला, तरी यंत्र थांबलंच पाहिजे. एनओ (नॉर्मली ओपन), म्हणजे दाबल्यावरच करंट जाऊ देणारं बटण असतं तर वायर तुटल्याचं आपल्याला ज्या दिवशी स्टॉप दाबायची खरी गरज पडते त्या दिवशीच कळलं असतं.

पीएनपी की एनपीएन, हाही असाच प्रश्न. सेन्सरचे हे दोन प्रकार: चालू झाला की पीएनपी सिग्नल वायरवर प्लस देतो, एनपीएन मायनस. उद्यमनगरच्या दुकानात दोन्ही मिळतात, दिसायला सारखे, आणि घाईत जो हाताला लागेल तो लावला जातो. बऱ्याच पीएलसींचे इनपुट दोन्ही प्रकारे जोडता येतात, पण एका कॉमनवर, म्हणजे इनपुटांच्या एका सामाईक टोकावर, एकच प्रकार चालतो. मी पीएनपी वापरते. आपल्याकडे २४ व्होल्टची मायनस बाजू अर्थला बांधलेली असते. एनपीएन सेन्सरची सिग्नल वायर खरचटून लोखंडाला टेकली तर पीएलसीला वाटतं सेन्सर चालू आहे: दार बंद झालं, गेट बंद झालं. पीएनपीची वायर टेकली तर फार तर फ्यूज जातो आणि सिग्नल बंद राहतो. फौंड्रीत वायर खरचटणार हे गृहीतच धरावं लागतं.

तापमानाचा ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा होता. शून्यापासून का नाही, चारपासून का, असं पुतण्याने विचारलं. सर्वांत कमी तापमानालाही चार येतात, म्हणून शून्य आलं की वायर तुटली हे समजतं. पीएलसीचा ॲनालॉग इनपुट ० ते १० व्होल्टचा होता, तिथे ५०० ओहमचा चांगला रेझिस्टर लावला: २ ते १० व्होल्ट झाले, काम झालं.

पॅनेलची जागा निवडायला मला पीएलसी निवडण्याइतकाच वेळ लागला. जुनं पॅनेल मिक्सरच्याच अंगावर टांगलेलं होतं. दिवसभराच्या थरथरीने टर्मिनलचे स्क्रू सैल होत. नवं सहा फुटांवर, स्वतःच्या स्टँडवर. वेल्डिंगवाल्याने विचारलं, "पंख्याला भोक पाडू का?" नाही म्हटलं. कोल डस्टचा कण फार बारीक. फिल्टरवाला पंखा लावला की महिनाभरात तो आतल्या प्रत्येक टर्मिनलवर काळी साय धरतो. त्यापेक्षा आयपी ६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारी बंद पेटी, गरजेपेक्षा मोठी, म्हणजे उष्णता पत्र्यातून बाहेर जाते. पीएलसी बहुधा ५५ अंशांपर्यंतच्या हवेत चालतो, आणि मे महिन्यात भट्टीच्या शेडमध्ये ते अंतर फार नसतं. त्याच्या वर-खाली चार बोटं जागा मोकळी सोडली. उष्णता टाकणारी एसएमपीएस (२४ व्होल्ट पुरवणारा सप्लाय) त्याच्या खाली न ठेवता बाजूला. ४१५ व्होल्टच्या वायरी एका डक्टमध्ये, २४ व्होल्टच्या दुसऱ्या, आणि जिथे एकमेकींना ओलांडावंच लागलं तिथे काटकोनात. तापमानाच्या केबलची शील्ड (वायरींभोवतीची धातूची जाळी) एकाच टोकाला, पॅनेलपाशी अर्थ केली.

एका गोष्टीवर मात्र मालकांशी वाजलं. पाळी संपली की मामा आणि अजून एक जण मिक्सरच्या आत उतरतात, पात्यांना चिकटलेली वाळू खरवडायला. आतमध्ये माणूस असताना ते चाक फिरलं तर काय उरेल, हे लिहायला नको. तपासणीच्या दाराला लिमिट स्विच होताच, तो पीएलसीत घेतला होता. मालक म्हणाले, मग झालं की. मी म्हटलं, नाही झालं. पीएलसी हा हिशोब करणारा आहे. त्याचा इनपुट चिकटू शकतो, प्रोग्राममध्ये माझी चूक असू शकते, आउटपुट वितळू शकतो, मी पाहिलंय. त्यामुळे इमर्जन्सी स्टॉप आणि दार यांच्यासाठी वेगळा सेफ्टी रिले, दोन चॅनेलचा (एकच गोष्ट दोन वेगळ्या वायरींनी तपासणारा), आणि मोटरच्या वाटेवर एकामागोमाग दोन कॉन्टॅक्टर. पीएलसीला फक्त "दार उघडलं" एवढी बातमी. आणि आत उतरण्याआधी मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) खाली, त्याला कुलूप, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. खर्च वाढला. मी त्याशिवाय पॅनेल लावणार नाही म्हटल्यावर मालक दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी होकार आला. कुलूप त्यांनी स्वतः विकत आणलं.

चालू करायच्या दिवशी मी पहिली परीक्षा घेते ती लाईट जाण्याची. चालू बॅचमध्ये, पाणी पडत असताना, मेन पाडला. शेडमध्ये शांतता. अर्ध्या मिनिटाने मेन वर. पीएलसीचे दिवे लागले, मिक्सर हलला नाही. हलायला नकोच होता: लाईट नसताना माणूस दार उघडून आत डोकावतोच. म्हणून चालू असल्याची खूण मी साध्या बिटमध्ये ठेवते, वीज गेली की पुसली जाणारी. पडलेल्या पाण्याचे लिटर मात्र लक्षात राहणाऱ्या रजिस्टरमध्ये. स्क्रीनवर आलं: "बॅच अपूर्ण. पाणी ५.२ लिटर. दार तपासून स्टार्ट दाबा." मामांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

"किती पडलंय ते सांगतंय व्हय? आधी लाईट आली की आमी पुना पहिल्यापास्नं सोडायचो."

प्रोग्रामला मी पासवर्ड घालत नाही. एका गिऱ्हाइकाकडे असं पॅनेल पाहिलंय ज्याचा बनवणारा धंदा सोडून गेला आणि पासवर्डही सोबत गेला. एक टायमर पाच सेकंदांनी वाढवायला सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागला. मी प्रोग्राम पेनड्राइव्हवर मालकांना दिला, लॅडरची छापील प्रत आणि ड्रॉइंग दाराच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि प्रत्येक पायरीवर मराठीत टीप लिहिली. "खालचा कन्व्हेयर रिकामा झाल्याशिवाय दार उघडायचं नाही" ही टीप मामांच्या शब्दांत आहे.

पाण्याचं सूत्र मात्र मी बंद केलं नाही. तापमानावरून पीएलसी लिटर ठरवतो, आणि स्क्रीनवर एक आकडा मामांच्या हातात ठेवला आहे: वर-खाली तीन लिटरपर्यंत, त्यापलीकडे नाही. नमुन्याची झडप तशीच आहे.

जुलैत चार दिवस सूर्य दिसला नव्हता. सकाळी साडेसातला मामांचा फोन आला. माझ्या पोटात गोळा आला, कारण शिरोलीनंतर फौंड्रीचा अवेळी फोन आला की तसं होतंच.

"ताई, काय बिघडलं न्हाई. नवी सँड उघड्यावर भिजलीया, मुठीत चिकटाय लागली. मी दीड लिटर कमी केलंय. तुमच्या वहीत लिवून ठेवा."